बारा इंचांचा फेरा

बाई गेल्याची बातमी नेमबाजीच्या मैदानावर आली, तेव्हा मी कुलूपबंद कपाटात होते. बाहेर कुणीतरी म्हणालं, "आज सराव नाही." तेवढ्यावरून मला कळलं.

मित्रांनो, मी त्यांची जुनी रायफल. माझ्या नळीत आतून पेचदार चर कोरलेले आहेत. त्यांचा एक फेरा बारा इंचांत पूर्ण होतो. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. पण माझा पेच मंद. आखूड, हलकी गोळी मला चालते. लांब, जड गोळीला तेवढी गिरकी पुरत नाही. बाईंनी हे कागदांना भोकं पाडून पाडून शोधलं होतं. एकोणीस वर्षं त्यांनी माझ्यात त्या हलक्या गोळीशिवाय दुसरी भरली नाही.

शेवटच्या सरावाला दहा सुट्या वर्तुळांच्या कागदावर, एका वर्तुळात एक असे, त्यांनी सात नेम मारले आणि थकून बसल्या.

"उरलेले तीन तुम्ही मारा," त्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, म्हणाल्या.

"मी? माझी गोळी भिंतीला तरी लागेल का?"

"लागेल हो. भिंत मोठी आहे."

त्या गेल्यावर तीन महिन्यांनी काका आले. दुकानातली सगळ्यात जड काडतुसं घेऊन आले. आधी हात बसावा म्हणून दुसऱ्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या. गोळ्या आडव्या होऊन लागल्या. भोकं कुलपाच्या भोकासारखी लांबट पडली.

"ती गेली आणि हीपण रुसली," काका म्हणाले. "विकून टाका हिला."

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी कागद पाहिला, मग काडतुसांचा डबा पाहिला.

"काका, हिला काही झालेलं नाही. गोळी जड आहे, हिला पेलत नाही."

"जड म्हणजे चांगली ना?"

"बाई कुठली वापरायच्या, कधी विचारलं नाहीत?"

काका बाकावर बसले. म्हणाले, "शेवटी शेवटी तिला दोन घास जात नव्हते. मी ताट भरून वाढायचो. वर रागवायचो."

मिस्त्रींनी चिंधीला तेल लावलं. त्यांनी माझी नळी पुसली.

काकांनी मला विकलं नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला तेलपाणी लागतंच. पण आपल्या माणसाला काय पेलतं, ते तो असतानाच विचारा.

त्यांनी आणलेला हलक्या काडतुसांचा डबा खालच्या खणात आहे, न फोडलेला. बाईंचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावरची तीन वर्तुळं अजून कोरी आहेत.