सुटेल असा हात

“सोड रे, नाग्या, सोड!” योगीराज ओरडला, पण तोवर उशीर झाला होता.

चढाईला आलेला समोरच्या संघाचा गडी डाव्या कोपऱ्यात पाय टाकून फसला होता. असा घोटा योगीराजसमोर यावा आणि निसटावा, हे भालकीच्या कॉलेजच्या कबड्डी मैदानावर आजवर कुणी पाहिलं नव्हतं. योगीराज झेपावलाही, पण त्याचा उजवा हात नागेशच्या डाव्या हातात होता आणि नागेशनं तो सोडलाच नाही, उलट मनगटाशी आवळून धरला. अर्ध्यातच झटका बसून योगीराज मागे ओढला गेला, दोघं एकमेकांवर कोसळले आणि तो गडी दोघांनाही शिवून हसत हसत आपल्या अंगणात गेला.

सामना कसाबसा जिंकला, आता कलबुर्गीची फायनल तेवढी राहिली, पण वीरभद्रप्पा सरांनी नागेशला सगळ्यांदेखत धुतलं. “हात धरलास का बैल बांधलास रे?” असं त्यांनी विचारलं तेव्हा कडेला बसलेली पोरं खो खो हसली. सर कन्नड माणूस, मराठी बोलतानाही शिकवायची गोष्ट आली की कन्नडवर जायचे. पहिल्या वर्षी या दोघांना साखळीत उभं केलं तेव्हापासून त्यांचे दोनच शब्द होते, हिडी आणि बिडू. धर आणि सोड. कोपऱ्यातल्यानं झेप घ्यायची, शेजारच्यानं त्याचा हात धरून त्याला तोल द्यायचा आणि झेपेच्या क्षणी सोडायचा. धरता कुणालाही येतं, म्हणायचे, सोडता येणारा गडी मिळत नाही. आणि नागेश हा तसा मिळालेला गडी होता. सुट्टीच्या दिवशी हुमनाबादच्या हायवेवर मामाच्या पंक्चरच्या दुकानात ट्रकची टायरं खोलून त्याचे पंजे दगडासारखे झाले होते, तरी मैदानावर त्याचा हात कसा हलका असायचा. योगीराजच्या चार बोटांना तो नुसता आधार द्यायचा.

मग त्या दिवशी काय झालं, ते नागेशला पक्कं ठाऊक होतं. सकाळी कँटीनमध्ये चहा पिताना योगीराजनं सांगितलं होतं, की एका मोठ्या संघाच्या माणसाचा फोन आला. कबड्डी लीगच्या लिलावाआधी नव्या पोरांचं शिबिर आहे, पार हरियाणात. येळवशीची अमावास्या झाली की निघायचं. म्हणजे कलबुर्गीची फायनल नाही, बी.ए.चं शेवटचं सेमिस्टर नाही, परीक्षा नाही. शिबिरात बरा खेळला तर लिलावात नाव, आणि लिलावात कुणी घेतलं तर टीव्हीवर.

“मग जायलास का?” नागेशनं विचारलं होतं.

“बघू की,” योगीराज म्हणाला होता आणि बशीतला चहा फुंकत बसला होता.

नागेशला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कलबुर्गीच्या फायनलला विद्यापीठाचा संघ निवडणारी माणसं येणार होती. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा, ही जोडी जशीच्या तशी उचलणार, हे सरांनी दोनदा बोलून दाखवलं होतं. विद्यापीठाकडून खेळलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांसाठी अर्ज करता येत होता. नागेशच्या घरात आजवर कुणाच्या अंगावर वर्दी चढली नव्हती. आज्जा मेंढरं घेऊन फिरला, बाप उमाजी दुसऱ्याची शेतं करून करून आता कुठं स्वतःच्या तुकड्यावर आला होता. योगीराज गेला तर जोडी गेली. आणि कोपऱ्यातला गडी नसताना त्याच्या शेजारच्याला एकट्याला कोण विचारतंय?

पण खरं सांगायचं तर हात धरला तेव्हा त्याच्या डोक्यात पोलीसही नव्हता आणि वर्दीही नव्हती. हा जाणार, एवढंच होतं.

येळवशीला योगीराज दरवर्षीप्रमाणे नागेशच्या शेतात आला. त्याचे वडील गुंडेराव भालकीच्या बाजारात किराणा चालवत, शेत नावाची वस्तू त्यांच्याकडं नव्हती, आणि मार्गशीर्षाच्या अमावास्येला ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जेवावं, ही या भागाची रीतच आहे. त्या दिवशी सगळी भालकी ओस पडते. ज्वारी कमरेच्या वर आलेली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. उमाजीनं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटीशी कोप केली होती, आत पाच दगड मांडून पुजले होते. रेणुकाबाईनं, म्हणजे नागेशच्या आईनं, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन सगळ्या शेताला फेरा घातला, पिकावर आंबील शिंपडली आणि मग पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं सगळं योगीराजच्या पानात आधी वाढलं. पोटचं पोरगं मागे, हा पाहुणा पुढे, हेही दरवर्षीचंच.

“काय रे योगी, तुझा लिलाव हाय म्हणं,” ती म्हणाली. “घेणारी माणसं दात बघून घेत्यात काय?”

उमाजीला हसताना ठसका लागला. योगीराजही हसला, पण भज्जी चिवडत राहिला. मग खाली बघतच त्यानं सांगितलं, की तो जाणार नाही. आज संध्याकाळपर्यंत त्या लोकांना कळवायचं आहे, तर नाही म्हणून कळवणार. आधी डिग्री होऊ दे, पुढच्या वर्षी बघू. घरी वडिलांचंही मन तेच आहे.

नागेशला इतका आनंद झाला, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. हातातला उंडा त्यानं नुसताच धरून ठेवला. आता कलबुर्गी, आता निवड, आता सगळं ठरल्याप्रमाणे. रेणुकाबाईनं एकदा योगीराजकडं पाहिलं, एकदा लेकाकडं पाहिलं आणि मडक्यावर झाकण ठेवून भांडी घासायला विहिरीकडं गेली.

जेवणं झाल्यावर दोघं बांधावरच्या बाभळीखाली आडवे झाले. योगीराजनं बाही वर सारली होती. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला चार निळसर डाग होते, पिवळे पडत चाललेले. नागेशनं ते पाहिले आणि त्याला कळेना की कुठं बघावं. चार बोटं. त्याचीच.

“कामून न्हाई जायलास?” त्यानं विचारलं.

“सांगितलं की. डिग्री.”

“तू आन् डिग्री? पाचव्या सेमिस्टरला तुला पुस्तकं कोणती हायती ते तरी माहीत व्हतं का?”

योगीराजनं सारलेली बाही खाली ओढली. वारा ज्वारीतून सळसळत गेला. मग तो म्हणाला, “त्या दिवशी तू हात सोडला न्हाईस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला कळलं.”

हातानं झालं नसतं तर तोंडानं नागेशनं हे कधीच सांगितलं नसतं. जीव गेला असता तरी जाऊ नको म्हणाला नसता. आणि आता त्याचं न बोललेलं सगळं या पोरानं मनगटावर घेऊन फिरवलं होतं, त्यावर आपलं आयुष्य ठरवलं होतं. खोटं बोलणं सोपं होतं, चुकून झालं म्हटलं की संपलं. पण लहानपणापासून दोघं एका बाकावर बसलेले, खोटं पचलं नसतं.

“व्हय,” तो म्हणाला. “सोडू वाटलं न्हाई. पण ती माझी चूक व्हती, योगी. तू तिला निरोप समजून बसलास.”

“तुझं पोलिसाचं काय मग?”

“माझं मी बघतो की. तुझा घोटा मी धरायलो काय आता?”

योगीराज उठून बसला. त्याला रागही आला होता आणि रडूही येत होतं, आणि असल्या वेळी गड्यांना दोन्ही जमत नाही, तसं त्याचं झालं. तो ढेकूळ उचलून विनाकारण लांब फेकत राहिला. नागेश उभा राहिला, चप्पल काढली आणि त्याला हाताला धरून कोपीसमोरच्या मोकळ्या जागेत घेऊन आला. तिथं उमाजी तंबाखू मळत बसला होता.

“अप्पा, उठा,” नागेश म्हणाला. “चढाई करा आमच्यावर.”

पोराला आंबील चढली की काय, असं उमाजीला वाटलं. पण तोही एके काळी मेंढरांमागं फिरता फिरता गावोगावच्या जत्रेत हुतुतू खेळलेला माणूस. त्यानं तंबाखूची पुडी पागोट्याच्या घडीत खोचली, धोतराचा काचा मारला आणि घोगऱ्या आवाजात हुतुतू, हुतुतू करत या दोघांवर चालून आला. विहिरीकडून रेणुकाबाई ओरडली, की म्हाताऱ्याचं कंबरडं मोडलं तर शेकायला मी न्हाई बसणार. उमाजीनं तिकडं लक्ष दिलं नाही. म्हातारा डाव्या कोपऱ्यात पाय टाकून हूल देऊ लागला.

नागेशनं योगीराजचा हात धरला होता. तळव्याला तळवा, बोटं नुसती टेकलेली. योगीराजचा हात गरम होता. किती ओळखीचा होता तो हात, अंगठ्याखालचा घट्टा, मोडून वाकडी बसलेली करंगळी. उमाजीचा पाय आत आला. योगीराज झेपावला आणि त्या क्षणाला नागेशनं बोटं उघडली.

योगीराजनं म्हाताऱ्याचा घोटा दोन्ही हातांनी जपून धरला, अगदी पायावर डोकं ठेवल्यासारखं. उमाजी पडला नाही, नुसता हसत उभा राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं की पोरगं उठत नाहीये. त्यानं वाकून योगीराजच्या डोक्यावर हात ठेवला. नागेश आपला उघडा पंजा तसाच पुढे धरून मागे उभा होता, तो खाली घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

संध्याकाळी घरी जाण्याआधी योगीराजनं बांधावर उभं राहून फोन केला. येतो म्हणाला.

चार दिवसांनी नागेश त्याला हुमनाबादला सोडायला गेला. तिथून हैदराबाद आणि मग रेल्वे. गुंडेराव मुलाच्या पिशवीत चिवड्याचे पुडे कोंबत होते आणि परीक्षेचं काहीतरी पुटपुटत होते. बस लागली तेव्हा एक मजा झाली. रोज मैदानावर हातात हात घेऊन उभी राहणारी ही दोघं पोरं, पण निरोप घेताना हाताचं काय करायचं तेच दोघांना कळेना. शेवटी योगीराजनं त्याच्या पाठीत एक बुक्की घातली आणि खिडकीत जाऊन बसला. बस वळली, नागेश मामाच्या दुकानात आला आणि लाकडं भरलेल्या ट्रकचं मागलं टायर खोलायला बसला.

कलबुर्गीची फायनल कॉलेज हरलं. कोपऱ्यात पहिल्या वर्षाचा धनराज होता, पोरगं चपळ, पण बावरून गेलेलं. विद्यापीठाच्या संघात भालकीचं कुणी नव्हतं. सरांनी नागेशला चहा पाजला. घरी रेणुकाबाईनं विचारलं तेव्हा न्हाई झालं, एवढंच त्यानं सांगितलं. तिनं त्याच्या ताटात जास्तीची भाकरी वाढली. वाईट वाटलं, फार वाटलं, पण योगीराजवर राग म्हणून शोधायला गेला तर सापडेना.

महिन्याभरानं योगीराजचा फोन आला. थंडी लै आहे म्हणाला, दूध पिऊन पिऊन कंटाळलो म्हणाला, निवडीचं अजून काही सांगत नाहीत. मग म्हणाला, “इथला शेजारचा पोरगा लै घट्ट धरायलाय रे.”

“शिकव की मग,” नागेश म्हणाला.

आता त्याची स्पर्धा कुठलीच राहिली नव्हती. तरी दुकान नसेल त्या संध्याकाळी तो मैदानावर जायचा. त्या दिवशी सरांनी शिट्टी दिली, पोरं आपापल्या जागी उभी राहिली. कोपऱ्यातून धनराजनं हात पुढे केला. हात घामानं ओला होता.

“अण्णा, किती घट्ट धरू?” त्यानं विचारलं.

नागेशनं त्याची आवळलेली बोटं एक एक करून सैल केली आणि त्याचा तळवा आपल्या तळव्यावर नुसता टेकवला.

“सुटल असा धर,” तो म्हणाला, आणि समोरून गडी चढाईला निघाला तसा वाकून उभा राहिला.