तेनिंग फाय निघाली बारशाला

रुसण्याच्या बाबतीत तेनिंग फायचा हात कुणी धरू शकत नव्हतं. लातीरने, तिच्या एकुलत्या एक लेकाने, तिला न विचारता लग्न केलं म्हणून तीन वर्षं ती त्याच्या दारात गेली नव्हती. आता त्याला मुलगी झाली, आणि निरोप आला: आठव्या दिवशी सकाळी बारसं. आई आली तर पोरीला आईचं नाव, नाही आली तर राग अजून आहे असं समजून सासूचं. हा निरोप गावोगाव रेंगाळत तिच्याकडे पोहोचला तो बारशाच्याच पहाटे.

तिने डोक्याला फडकं बांधलं आणि निघाली. घोडागाडीने हाडं खिळखिळी करत तिला सडकेला आणून टाकलं. तिथे भाड्याची जुनी प्युजो मोटार उभी होती. आत पाच उतारू, सहावी ती. सातवा आल्याशिवाय चाक हलत नाही, हा नियम.

"नाव काय, म्हातारे?" ड्रायव्हरने विचारलं.

"फाय."

"अरे देवा! मी जेगान जूफ. मग टपावर बस, बकऱ्यांशेजारी. आमच्या चाकरांना आत जागा नसते."

"मेल्या, जूफांच्या हाती गाडी दिली कुणी? तुमच्या सात पिढ्या आमच्या उष्ट्यावर वाढल्या!"

उतारू खूश झाले. फाय आणि जूफ या घराण्यांतली माणसं भेटली की एकमेकांचा उद्धार करायचा आणि राग मानायचा नाही, हा वाडवडिलांचा करार. एरवी तेनिंग तासभर तरी हटली नसती. पण ऊन चढत होतं आणि सातव्याचा पत्ता नव्हता. शेवटी कुठल्याही फायने करू नये ते तिने केलं. जूफपुढे हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं.

"फायने हात जोडले!" जेगान म्हणाला. "आता नाही म्हटलं तर माझा आजा कबरीतून उठून येईल."

सातवी जागा रिकामी ठेवून गाडी निघाली. तेनिंगने त्या जागेवर खुशाल पाय पसरले.

खाडीवर आले तर फेरीबोट नुकतीच सुटलेली, पुढची थेट दुपारी. तेनिंगच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नको, इथे खारं पाणी पुष्कळ आहे," म्हणत जेगानने तिला एका कोळ्याच्या होडीत बसवलं आणि स्वतःही चढला. गाडी काय, दुपारपर्यंत रांगेतच राहणार होती.

पलीकडच्या काठावर एक गाढवगाडी होती आणि एक सायकल. गाढव कुणाच्या बापाला जुमानत नव्हतं.

"तू ये सावकाश," सायकलवर टांग मारत जेगान म्हणाला. "मी जातो पुढे, जेवायला."

तेनिंगने पाठमोऱ्या त्याला शिव्या हासडल्या, पण मनातून ती खचली होती. पोरीला दुसरं नाव लागणार आणि त्यात लातीरची काही चूक नसणार. तीन वर्षं फुकट घालवली ती आपणच, हे तिला त्या गाढवामागे बसल्यावर कळलं. फार वाईट वाटलं तिला.

अंगणात पोहोचली तर बारशाच्या चटईवर, थेट इमामासमोर, जेगान मांडी ठोकून बसलेला.

"फायच्या पोटचा तू, लातीर, म्हणजे माझा चाकर! मालकाचं पोट भरल्याशिवाय नाव कसलं ठेवता?"

दह्यातल्या बाजरीच्या लापशीचा चौथा वाडगा चालला होता. लातीरच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. पण जूफला उठवणार कोण? करार म्हणजे करार. तेनिंग दिसताच तो पोट धरून उठला.

"आलीस एकदाची! अजून एक वाडगा, आणि माझंच मयत उचलावं लागलं असतं."

अंगण हसलं. इमामाने बाळ जवळ घेतलं आणि नाव विचारलं.  लातीर आईकडे बघत उभा राहिला.

"चुकलं रे माझं," तेनिंग म्हणाली.

लातीर इमामाकडे वळला आणि त्याने नाव सांगितलं: तेनिंग.