आठवी कुपी

"कशाला हात लावू नका हं, आई. नुसतं बसून राहा," असं म्हणत ताईंनी सासूबाईंना स्टुलावर बसवलं आणि कपाटातून कुपी काढली.

जेवणाची सुट्टी होती. बाकीची मंडळी खाली गेली होती. रक्तपेढीच्या मागच्या या प्रयोगशाळेत ताईंची सव्वीस वर्षं गेली होती. रक्त थांबवणारे कण, म्हणजे प्लेटलेट, साखरेच्या पाण्यात मुरवायचे, गोठवायचे, मग यंत्रात त्यांच्यातला बर्फ उडवून ते खडखडीत कोरडे करायचे आणि दर दोन वर्षांनी एकेक कुपी उघडून कण कितपत शाबूत आहेत ते पाहायचं, हे त्यांचं काम. सुरुवातीला, म्हणजे सोळा वर्षांपूर्वी, रक्त इमारतीतल्या लोकांनीच दिलं होतं; प्रत्येकाला एक नंबर होता. एकतीस नंबर इथल्या शीतयंत्रांच्या मेकॅनिकचा. तो ताईंचा नवरा. रक्त दिल्यावर चौदा महिन्यांनी तो गच्चीवरून पडला. आतल्या आत रक्त वाहत राहिलं आणि संध्याकाळपर्यंत कुणालाच ते थांबवता आलं नाही.

त्याच्या सात कुप्या ताईंनी एकट्यानेच उघडल्या. कुपीवर फक्त नंबर असायचा, त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. आज सकाळी मात्र चहाचं आधण ठेवता ठेवता त्या सासूबाईंना सगळं सांगून बसल्या. ही शेवटची, हेही. म्हातारीने ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि म्हणाली, "मी येते."

कुपीच्या तळाशी पांढरी, हलकी वडी होती. ताईंनी तिच्यावर कोमट पाणी सोडलं. वडी विरघळून गेली.

"साखर कशाला लागते गं?"

"प्रत्येक कणाला चरबीचं दुपदरी कातडं असतं, आई. ते पाण्याच्या आधाराने नीट राहतं. गोठलं की बर्फ त्याला फाडतो. वाळलं की ते चुरगळतं, एकमेकांना चिकटतं, मग पाणी घातलं तरी आतलं सगळं गळून जातं. साखर पाण्याच्या जागी जाऊन बसते आणि त्याला सावरून धरते. पुढे तिचीच काच बनते. कण त्या काचेत जसेच्या तसे थांबतात."

"थांबतात म्हणजे मेलेले असतात?"

"नाही."

"मग जिवंत?"

"तसंही म्हणता येत नाही."

"गोडाचं नाव काढलं की नाक मुरडायचा," सासूबाई म्हणाल्या. "चहासुद्धा बिनसाखरेचा."

ताईंना हसू आलं. त्यांनी एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पडद्यावर राखाडी ठिपके दिसू लागले. गोल, सुटे, जागच्या जागी हलकेच डुलणारे. आता त्यांच्यावर औषधाचा थेंब सोडायचा, म्हणजे ते जागे होतात. ताईंनी ड्रॉपर भरून हातात घेतला.

सासूबाई पडद्याकडे वाकल्या. त्यांनी हळू आवाजात, मुलाला घरात मारायच्या त्या नावाने हाक मारली.

एका ठिपक्याला पाय फुटला. मग शेजारच्याला. बारीक, लांब पाय काढून ते एकमेकांना चाचपू लागले.

"औषध घातलंस?"

"नाही." ड्रॉपर ताईंच्या हातात तसाच भरलेला होता.

नुसत्या काचेच्या स्पर्शानेही कण कधी कधी जागे होतात, हे ताईंना ठाऊक होतं. नव्याने कामावर आलेल्यांना त्याच ते शिकवत. पण सातही वेळा काच अशीच होती आणि सातही वेळा कण औषधाची वाट पाहत थांबले होते.

"काय करताहेत हे?"

"कुठेतरी जखम झालीय असं वाटतंय त्यांना. बुजवायला निघालेत."

बराच वेळ गेला. ठिपके एका जागी गोळा होत होते.

"तेव्हा कुठे होते?" सासूबाईंनी विचारलं.

"तेव्हाही आले होते, आई. पुरे पडले नाहीत."

पडद्यावर एकच गोळा उरला आणि हालचाल थांबली. तेवढ्यात विभागाच्या तरुण मॅडम जेवून परत आल्या.

"एकतीसचं काय झालं, ताई?"

"औषधाआधीच जमले."

"म्हणजे काचपट्टी खराब असणार. नोंदीत धरू नका."

"जे दिसलं ते लिहिते मी," ताई म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं.

मॅडमचं लक्ष स्टुलाकडे गेलं. "या कोण?"

"एकतीस नंबरची आई."

वापरलेल्या पट्ट्या टाकायची जंतुनाशकाची बादली मॅडमनीच पुढे आणली आणि झाकण उघडून धरलं. ताईंनी काचपट्टी काढली खरी, पण त्यांचा हात बादलीवरच घुटमळला. तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांनी हातमोजा मागून घेतला, नीट बोटागणिक चढवला आणि सुनेच्या हातून पट्टी घेतली. ती त्यांनी टाकली नाही. बाही कोपरापर्यंत भिजली तरी कड धरून, तळाला टेकेपर्यंत त्यांनी ती खाली नेली आणि मगच बोटं सोडली.