कुणीतरी ‘शी’ म्हणा

सासूबाईंनी जेवणाला नावं ठेवणं बंद केलं, तेव्हाच खरं तर चाखूताईनं ओळखायला हवं होतं. लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवसापासून सासूबाईंनी एक घास मुकाट्यानं गिळला नव्हता. सूप पातळ, भाजी कच्ची, भात फडफडीत, आणि भात मऊ केला की, "घरात आजारी कोण आहे?" बाहेर सगळं शहर सुनेच्या हाताची चव वाखाणत होतं, पण पिकतं तिथं विकत नाही. आणि याच सासूबाई हिवाळ्यापासून रोज ताट चाटूनपुसून म्हणत होत्या, "छान झालंय हो." सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी एवढं नवल वाटलं नसतं. पण जे ऐकायची भूक असते ते माणूस तपासून घेत नाही, आणि चाखूताईला त्या दिवसांत दुसरी भूकच उरली नव्हती.

झालं होतं असं की हिवाळ्याच्या तोंडी तिला ताप आला. चारचौघांना येतो तसा आला आणि चारचौघांचा जातो तसा गेला, पण जाताना तिची चव आणि वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कुणाची लवकर येते, कुणाची उशिरा. कुणाची येतच नाही, हे त्यांनी चष्मा पुसता पुसता सांगितलं.

दुसऱ्या कुणाचं एवढ्यानं फारसं बिघडलं नसतं. पण ही बेकरीतली. तिथं तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे, सगळ्यांची ती चाखूताई. उन्हाळ्यात फळांच्या पेट्या आल्या की प्रत्येक पेटीतलं एक फळ कापून आधी तिच्या हातात द्यायचे. ती एक फोड तोंडात टाकायची, डोळे मिटायची आणि सांगायची, याला साखर थोडी, त्याला जास्त, त्या कोपऱ्यातल्या पेटीला लिंबू पिळा, आणि ही पेटी परत पाठवा. पीच एकाच झाडाचे असले तरी एकासारखा दुसरा गोड नसतो. त्याचं माप वजनकाट्यावर मिळत नाही, जिभेवरच मिळतं. त्या जिभेवर बेकरीचा अख्खा उन्हाळा चालायचा, आणि खरं सांगायचं तर चाखूताईही त्यावरच चालायची.

ताप उतरल्यावर ती बेकरीत गेलीच नाही. घरी स्वयंपाक करायची, अंदाजानं. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जाणारा नवरा म्हणाला, "आम्ही तिघं आहोत ना! आमची जीभ ती तुझी जीभ. काही चुकलं तर सांगू की." आणि काहीच चुकलं नाही. एक दिवसही नाही. नवरा म्हणे मस्त, सासूबाई म्हणत छान, आणि सात वर्षांची मुंगीसुद्धा मान डोलवून म्हणे, "आई, एकदम मस्त." पोरीचं नाव मुंगी पडलं होतं ते साखरेच्या डब्याभोवती फिरण्यामुळे. हळूहळू चाखूताईला वाटू लागलं, जीभ गेली तर गेली, हाताला सगळं ठाऊक आहे. तेवढ्या एका समजुतीवर तिनं हिवाळा काढला.

उन्हाळा लागला, पीच आले आणि बेकरीच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"सोमवारपासून ये बाई," त्या म्हणाल्या. "तुझ्यावाचून फळांचं सगळं बेचव चाललंय."

"मला चव येत नाही अजून."

"अंदाज तर आहे? घरचे काय म्हणतात तुझ्या हातचं खाऊन?"

"म्हणतात, पहिल्यासारखंच होतं."

"पहिल्यासारखंच?" मालकीणबाई हसल्या. "तुझी सासूसुद्धा? कमाल आहे! पूर्वी तर रोज रडत यायचीस, सासूबाईंनी हे टाकलं, ते टाकलं. बरं, रविवारी संध्याकाळपर्यंत नक्की काय ते कळव."

बाई सहज बोलल्या आणि फोन ठेवून मोकळ्या झाल्या. इकडे चाखूताईच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवसापासून ती जेवताना तिघांची तोंडं न्याहाळायला लागली. तोंडांवरून काही कळेना. तिघं जेवत होते, मस्त म्हणत होते, पाणी पीत होते. पाणी जरा जास्तच पीत होते की काय? उन्हाळा होता, पाणी कोण पीत नाही! संशयाचं असंच असतं, त्याला पाण्याचा पेलाही पुरतो.

रविवारी दुपारी तिनं थराचं करायला घेतलं. घरात त्याला थराचंच म्हणत. खाली लोणी आणि मैद्याचा चुरा, मध्ये फळं, वर पुन्हा चुरा; यात नवशिक्याचंही काही बिघडत नाही. तिनं गार लोण्याचे तुकडे मैद्यात टाकून बोटांच्या टोकांनी चोळले, हाताला वाळूसारखं लागेपर्यंत. त्यातला अर्धा चुरा ट्रेच्या तळाशी दाबून बसवला. पीच क्षणभर उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात टाकले, म्हणजे साल अंगरख्यासारखी निघते. फोडी केल्या. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. पूर्वी या रसाच्या वासानं मुंगी खेळ टाकून धावत यायची आणि ओट्याला लोंबकळायची. आताही वास सुटला असणारच, कारण मुंगी आलीच. चाखूताईनं तिच्या नाकपुड्या फुगताना पाहिल्या आणि तिला पोरीचा हेवा वाटला. स्वतःच्या पोरीच्या नाकाचा हेवा! मग लाज वाटली, आणि तिनं मुंगीला बाहेर खेळायला पिटाळलं.

आता साखर घालायची वेळ. तिनं साखरेचा डबा बाजूला सारला आणि मिठाची बरणी पुढे ओढली.

ठरवलं होतं ते एवढंच. फळांत साखरेचा कणही नाही, आणि दोन मोठे चमचे मीठ. असलं काही तोंडात गेलं तर माणूस थुंकायला मोरीकडे धावेल. तसं झालं, कुणीतरी ‘शी’ म्हटलं, तर आजवरचं मस्त खरं, छान खरं, हात खरा. सोमवारी सकाळी एप्रन बांधून बेकरीत हजर. आणि कुणीच म्हटलं नाही तर? तर हिवाळ्यापासून कानांवर पडलेला एकही शब्द खरा धरता येणार नव्हता. तिची खरी भिस्त मुंगीवर होती. मोठी माणसं तोंडदेखलं बोलतात. मुंगी नाही. मुंगी म्हणजे औषधाची चव ओळखून दूध बेसिनमध्ये ओतणारी पोर, आवडलं नाही तर पाहुण्यांसमोर घास ताटात परत काढणारी.

मीठ घालताना हात थांबला. एवढ्या वर्षांत या हातानं असं काम कधी केलं नव्हतं. फोडींतून बोट फिरवून तिनं ते चाटलं. काही नाही. ओलं, गार, एवढंच. तिनं उरलेला चुरा वर पसरला आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. ओव्हनचं दार नीट लागत नसे म्हणून त्याला नेहमीसारखी खुर्ची टेकवली आणि तिथंच उभी राहिली. कडेनं रस उकळायला लागला. आधी भराभर बारीक बुडबुडे, मग सावकाश जाड. जाड बुडबुड्यांचा आवाज आला की झालं समजायचं. तेवढं तिला कळत होतं. चेहऱ्यावर नुसती धग येत होती, धगीत वास नव्हता. वरचा चुरा सोनेरी झाला, दिसायला असं देखणं की बेकरीच्या काचेत मांडावं.

चार वाजता सगळे टेबलाशी बसले. तिनं वाढलं, तिघांना तीन छोटे तुकडे, आणि समोर हात बांधून उभी राहिली.

"तू बस की," नवरा म्हणाला.

"बसते. खा आधी."

पहिला घास त्यानं घेतला. त्याचा जबडा थांबला. डोळा मिटेपर्यंतच थांबला, पण थांबला. म्हण, ती मनात म्हणाली. अरे, शी म्हण! थुंक! माझ्या सात पिढ्यांचा उद्धार कर!

नवऱ्यानं घास गिळला. घशाची गाठ वर गेली, खाली आली. "वा," तो म्हणाला. "हात परत आला बघ तुझा."

सासूबाईंनी चमचा तोंडात घातला. त्यांचे ओठ आत वळले, कपाळाला आठी पडू पडू झाली आणि त्यांनी ती हातानं पुसावी तशी पुसून टाकली. "छान झालंय हो," त्या म्हणाल्या. ब्लडप्रेशरच्या गोळ्या खाणारी बाई दुसरा घास घ्यायला निघाली होती.

"पीच आंबट नाहीत ना?" चाखूताईनं विचारलं. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"छे गं. साखर अगदी बेताची," सासूबाई म्हणाल्या.

राहिली मुंगी. मुंगीनं मोठा घास घेतला होता, लोभानं. तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं. गाल आत गेले, डोळे विस्फारले. हां, चाखूताई पुढे झाली. हां माझी बाय, काढ, बशीत काढ! तेवढ्यात मुंगीनं बापाकडे पाहिलं. बापानं तिच्या पाठीवर हात ठेवला, सहज ठेवावा तसा. मुंगीनं डोळे गच्च मिटले आणि गिळलं. मिटल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं.

"आई," ती म्हणाली, "एकदम मस्त." मग थोडं थांबून, आपलं काम नीट झालं की नाही अशी शंका आल्यासारखी म्हणाली, "आणखी दे ना."

"पुरे. पोट दुखेल." चाखूताईनं तिघांच्या बशा उचलल्या. सासूबाईंच्या हातातला चमचा तिनं जवळजवळ हिसकावून घेतला. बशा ओट्यावर ठेवून ती तशीच उभी राहिली, पाठमोरी.

"मग?" नवरा मागून म्हणाला. किती हलका झाला होता त्याचा आवाज! "लाव मालकीणबाईंना फोन. सांग, येते म्हणून."

तिनं फोन लावला. "बाई, मी नाही येत," ती म्हणाली. "सोमवारी नाही, नंतरही नाही. दुसरं कुणी बघा." पलीकडून मालकीणबाई काही विचारत होत्या, तिनं ऐकून न घेता फोन ठेवला.

"अगं, वेड लागलंय का तुला?" नवरा उठून उभा राहिला. "आम्ही सगळे सांगतोय ना..."

"त्यात साखर नव्हती. मीठ होतं. मी मुद्दाम घातलं होतं."

सासूबाईंनी पेलाभर पाणी घटाघट पिऊन पेला खाली ठेवला आणि त्यांचा जुना, खणखणीत आवाज फुटला. "मेले, आधी सांगायचंस! जीभ सोलवटली माझी! असलं कुणी माणसांना खायला घालतं?"

चाखूताईला वाटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन या बाईच्या गळ्यात पडावं. हेच तर हवं होतं. थोडं आधी हवं होतं.

"रोज असंच चाललं होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"नाही गं! असं कसं? तू आधीच खचलेली, रात्र रात्र जागी असायचीस. म्हटलं, कशाला आणखी... पण रोज नाही. काही दिवशी खरंच चांगलं व्हायचं. अगदी पहिल्यासारखं."

"कुठल्या दिवशी?"

त्यानं तोंड उघडलं. आठवायचा प्रयत्न केला, प्रामाणिकपणे केला, हे तिला दिसत होतं. एवढ्या महिन्यांची जेवणं त्यानं मस्त म्हणत गिळली होती, आणि आता त्यातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, हे त्याचं त्यालाही निवडता येत नव्हतं. तो खाली बसला. सासूबाई पदरानं तोंड पुसत भिंतीकडे बघत राहिल्या.

चाखूताईला रडू आलं नाही. रडण्याच्या पलीकडचं काहीतरी होतं ते. उद्या जीभ परत आली तर? तर गोष्ट वेगळी. पण नाही आली, तर या घरात, या तीन माणसांत, जी तिच्यावर जीव टाकत होती त्यांच्यात, तिला खरं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. यापुढे त्यांनी नावं ठेवली असती, तरी ती तिला बरं वाटावं म्हणूनच ठेवली असती.

मुंगी खुर्चीवरून उतरली आणि आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिच्या गालांवर अजून ओलं होतं.

"आई, तुझी जीभ आजारी आहे ना? बाबा म्हणाले, आपण रोज छान म्हटलं की ती बरी होते. मी रोज म्हटलं. शाळेतून आल्यावरसुद्धा म्हटलं." तिचा खालचा ओठ थरथरला. "मी नीट नाही का म्हटलं?"

चाखूताई खाली बसली. तिनं पोरीचे दोन्ही हात हातात घेतले आणि चेहरा हसरा केला.

"म्हटलंस गं राणी. अगदी नीट म्हटलंस. मला बरं वाटतंय आता."

मुंगीनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, बराच वेळ. आई खरं बोलतेय की आपण बोलतो तसं बोलतेय, ते काही तिला कळलं नाही.