वेंडेलचा टापटीप सापळा

वेंडेल आर्सेनोइतका टापटीप माणूस मी अख्ख्या फ्रेडरिक्टन शहरात दुसरा पाहिला नाही. आम्हा दोघांचं काम खंडणीखोर व्हायरसांवर, म्हणजे फायलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्यांवर, पाळत ठेवायचं. कशालाही न जोडलेल्या एका कॉम्प्युटरवर व्हायरस सोडायचा आणि तो काय काय करतो ते टिपून घ्यायचं. हा सापळ्याचा कॉम्प्युटर वेंडेल रोज सकाळी पुसून कोरा करतो. त्याचं घरही तसंच आहे, सोफ्यावर बसायची भीती वाटते.

त्या मंगळवारी ओडेट मायेट आपला बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन आली. आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ती वीस वर्षं रेकॉर्ड करत होती. आता सगळ्या फायलींना कुलूप लागलं होतं. त्यातल्या एका फायलीत तिच्या गेलेल्या आईचा आवाज होता, आणि तो दुसरीकडे कुठेच नव्हता.

"बाकीच्यांचं गावाला काय सांगायचं ते मी बघेन," ती म्हणाली. "आई मात्र मला परत हवी."

वेंडेलने तिच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस आमच्या सापळ्यात सोडला. दुपार झाली तरी तो ढिम्म हलेना.

"झोपलाय," वेंडेल म्हणाला.

"झोपेल नाहीतर काय करेल?" मी म्हटलं. "ना फोटो, ना कागद. इथं कोणी राहत नाही हे त्यालाही कळतं."

हे व्हायरस लबाड असतात, सापळ्याचा वास आला की गप्प पडून राहतात. वेंडेलने तोंड पाडून तीन फोल्डर केले, तारीखवार लावले. काही उपयोग झाला नाही.

शेवटी मी काही लांबलचक रेकॉर्डिंग त्यात टाकली आणि ओडेटलाच खुर्चीत बसवलं. "तुमच्या ऑफिसात करता तसंच करा."

दहा मिनिटांत पडद्यावर अकरा खिडक्या उघड्या, पत्त्यांचा डाव अर्धवट, बिंगोच्या खेळाची एकच नोटीस चार वेगवेगळ्या नावांनी सेव्ह केलेली.

"एखादी तरी बंद करा ना," वेंडेल कळवळला.

"कशाला? परत लागेल."

आणि व्हायरस जागा झाला. छोट्या फायली त्याने साफ गिळल्या. मोठ्यांपाशी मात्र घाई केली.

"आळशी आहे लेकाचा," वेंडेल पडद्याला नाक लावून म्हणाला. "सुरुवातीचा तुकडा चावतो आणि पुढे सटकतो. मागचं सगळं शाबूत आहे."

मग आम्ही ओडेटच्या कॉम्प्युटरवरच्या आईच्या फायलीचा चावलेला तुकडा कापून टाकला आणि उरलेली लावली. ठसक्यातला एक म्हातारा आवाज वाक्याच्या मधूनच सुरू झाला. बटाट्याच्या कारखान्यातल्या मुकादमाची हजेरी घेणं चाललं होतं. ओडेटने माझा हात घट्ट धरला.

"सुरुवातीची चार मिनिटं मात्र गेली, ओडेट," मी म्हटलं.

"जाऊ देत. त्यात मीच बोलत होते." तिने डोळे पुसले. "आई तीनदा म्हणाली होती, आता मला बोलू देशील का?"

मग पुढचा दीड तास आईच बोलत होती; ओडेट एक अक्षर बोलली नाही.