भित्री माकडं आणि आमचा माकडपकड्या

आमचे हे, भिवाजी, माकडं पकडतात. कर्जत-खालापुरात कुठंबी माकडांनी उच्छाद मांडला की लोक वनखात्याचा कागद घेऊन यांच्याच दारात. बढाया तर अशा मारतात, की पिंजऱ्यातलं माकडबी जांभई देईल. आणि इथं कडावला आमच्याच शेतात? वाल शेंगांनी लगडलेला, रविवारी माझी लेक हर्षला सासरच्यांना घेऊन पोपटीला येणार, आणि मडक्यात भाजायच्या शेंगा मेली माकडं ओरबाडून नेतायत!

यांनी पिंजरा लावला. आत केळी ठेवली. चार दिवसांत केळी काळी पडली, पण एक माकड फिरकलं नाय.

आमच्या गावच्या शाळेत माकडांच्या अभ्यासाला आलेली पुण्याची एक पोरगी राहते, आरोही. दिवसभर वही घेऊन माकडांच्या मागं. ती म्हणाली, "काका, माकडांचेही स्वभाव असतात. काही धीट, काही भित्री. थोडंफार आईबापांकडून येतं. पंधरा वर्षं तुमच्या पिंजऱ्यात कोण शिरलं? धीट. ती गेली. भित्री राहिली, त्यांनाच पोरं झाली. आता हा कळप नवं काही दिसलं की पळतो."

"म्हंजे ही जात मी घडवली!" यांची छाती फुगली.

"घडवलीत ना? मंग आता माझ्या शेंगा कोण राखणार, तुमचा मेलेला बा?"

नव्याला घाबरतात म्हटल्यावर मी शेतात लाल छत्री उभी केली. एक दिवस माकडं लांब राहिली, दुसऱ्या दिवशी छत्रीवरच बसली. मंग नवी घागर ठेवली. तीबी एकच दिवस चालली. शेजारच्या जनाकडं तिची कोरी पैठणी मागितली, तर बया मारायलाच उठली. शनिवार उजाडला आणि घरात नवं म्हणून कायच उरलं नाय. मला रडूच फुटलं. लेकीच्या सासूपुढं काय रिकामं मडकं ठेवू?

यांना काय वाटलं देव जाणे. गुमान विळा उचलला, शेतात गेले आणि बांधावरचं गवत कापायला लागले.

लग्नाला तीस वर्षं झाली. लावणी असो नायतर झोडणी, यांनी शेत बघितलं ते पारावर बसून.

माकडं आंब्यावर आली. खाली बघितलं. म्हातारी माकडीण तर तोंड वासून बघतच राहिली. मंग तिनं अशी किंकाळी फोडली, की अख्खा कळप पोरंबाळं पोटाशी धरून नदीपल्याड पळाला. मी हसू का रडू, कळंना.

रविवारी मडकं काठोकाठ भरलं. हर्षलाच्या सासूबाईंनी शेंगा दोनदा मागून घेतल्या.

सोमवारी हे टोपी चढवून शिळफाट्याला माकडं पकडायला निघाले. मी दारातच विळा पुढं केला.

"आजून किती दिस गं?"

"माकडांना सवय होईस्तोवर."

"ती तर दोन दिसांत होईल."

"त्यांना होईल वो. मला कुठं झालीय आजून?"