लहान फ्रेम

“बाई कुठंयत?” ताईंनी विचारलं.

ताईंनी विकायला काढलेली जुनी रोड सायकल बघायला आलेले गृहस्थ बावचळले. “कोण, बायको? तिला सरप्राइज द्यायचंय.”

“उंची किती त्यांची?”

त्यांनी तळहात स्वतःच्या हनुवटीपाशी धरला. “एवढी.”

“आणि पाय?”

संसार बराच जुना असावा, पण त्यात हा प्रश्न कधी निघाला नव्हता. ताईंनी सायकल दिली नाही.

“हे तिसरं गिऱ्हाईक परत गेलं,” धाकटी बहीण आतून म्हणाली. “सायकल विकतेयस, की तिच्यासाठी स्थळं बघतेयस?”

“मापाचीच बाई हवी,” ताई म्हणाल्या.

ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या टेबलाशी असत. आठवडाभर लोकांना ‘बसा, बसा’ म्हणत. रविवारी स्वतः सायकलवर बसत. आधी भावाची चालवली, मग दुकानदाराने गळ्यात मारलेली. “सीट खाली घेतली की झाली लेडीज,” तो म्हणाला होता. हँडल गाठता गाठता मान धरायची, बोटं बधिर व्हायची. ताईंचे हात आखूड आहेत, असं सर्वांचं निदान होतं. सायकल लांब आहे, हे कुणालाच सुचलं नाही. ही लहान फ्रेमची, वापरलेली सायकल सापडली तेव्हा पन्नाशी उलटली होती. बसल्या, तर हँडल अगदी हाताशी! मान दुखायची थांबली.

मग डाव्या पायातली ताकद जायला लागली. नसांचा आजार. डॉक्टरांनी सायकल बंद केली आणि काठी घ्यायला सांगितलं. काठी मात्र पहिल्याच दुकानात मापाची मिळाली.

संध्याकाळी एक नर्स आली, ड्यूटीवरून थेट. चण ताईंचीच.

“बसून बघू?”

“बघा की.”

तिने सीट वर-खाली केली नाही. करावी लागली नाही. हात हँडलवर आपसूक टेकले, कोपरं किंचित वाकलेली.

“मान दुखते का?”

“अहो काकू, आत्ता तर बसले!”

“मग चांगली मोठी चक्कर मारून या. त्या चढावरून.”

ती गेल्यावर बहीण पुटपुटली, “ओळख ना पाळख. घेऊन पळाली म्हणजे?”

ताई फाटकाला धरून उभ्या होत्या. नर्स चढ चढत होती. पाठ लांब, खांदे सैल, कुठंही ओढाताण नाही. इतकी वर्षं चालवूनही स्वतःला सायकलवर असं मागून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“चल ना आत. पाय भरून येतील.”

“थांब गं,” ताई म्हणाल्या. “अजून दिसतेय.”